एक खांब धावा, दोन खांब चाला

हातातलं काम चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या.

आजचा विषय आहे धावणं. एसटी चुकू नये म्हणून धावतो ते नाही, नळाला पाणी आलं म्हणून कळशी घेऊन धावतो तेही नाही. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-अर्धा तास, ठरवून, स्वतःच्या तब्येतीसाठी धावायचं. ज्यांनी शाळा सुटल्यापासून कधी धाव घेतली नाही, त्यांच्यासाठीच मी बोलणार आहे.

हा विषय गटाच्या बैठकीत काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, दिवसभर शेतात मरमर मरतो, त्यात आणि धावायचं कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. खुरपणी, काढणी, धुणं, पाणी भरणं हे कष्टच आहेत. ज्या दिवशी आठ तास वाकून खुरपलंय, त्या दिवशी धावू नका असं मीच सांगेन. पण एक गोष्ट नीट बघू. खुरपताना कंबर दुखते, गुडघे आखडतात, हात भरून येतात, पण दम सहसा लागत नाही. काळजाला आणि फुप्फुसांना सलग, बेताचं काम मिळालं तर त्यांची ताकद वाढते, आणि ते काम मिळतं भरभर चालण्यातून नि धावण्यातून. शिवाय आपल्यातल्या कितीजणी आता रोज शेतात जातात? कुणाचं शिलाई मशीन आहे, कुणाचं दुकान, कुणाचा पापड-शेवयांचा धंदा, कुणी अंगणवाडीत आहे. बसून काम वाढलं, वजन वाढलं, आणि पस्तिशी-चाळिशीतच साखर निघालेल्या बायका आता प्रत्येक गल्लीत आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलेला हिशेब असा आहे : मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल करावी, म्हणजे भरभर चालणं वगैरे, किंवा किमान ७५ मिनिटं जोराची हालचाल, म्हणजे धावणं वगैरे. दोन्ही मिसळून केलं तरी चालतं. धावताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. पायांवर भार पडतो म्हणून हाडंही बळकट राहायला मदत होते, आणि पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्यानं झिजतात म्हणून हे आधीपासून महत्त्वाचं. झोप चांगली लागते, हे तर दुसऱ्याच आठवड्यात कळतं.

दुसरा प्रश्न बैठकीत कुणी मोठ्यानं विचारत नाही, पण तो सगळ्यांच्या मनात असतो. लोक काय म्हणतील?

बारामतीच्या लता करे यांचं नाव तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ऐकलं असेल. साठी ओलांडलेल्या, मोलमजुरी करणाऱ्या या बाई नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून नऊवारी नेसून, अनवाणी मॅरेथॉनमध्ये धावल्या आणि त्यांच्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्यावर २०२० साली मराठी सिनेमाही आला. सगळ्या महाराष्ट्रानं कौतुक केलं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण ही गोष्ट ऐकताना माझ्या मनात एक विचार येतो. बाई नवऱ्याच्या दवाखान्यासाठी धावली तर डोळ्यांत पाणी येतं. तीच बाई उद्या म्हणाली, "मला दम लागतो, माझं वजन वाढलंय, मी माझ्यासाठी धावते," तर तिच्याकडं कसं बघतील? दुसऱ्यासाठी धावली तर कौतुक, स्वतःसाठी धावली तर चौकशी. नवरा आजारी पडेपर्यंत आपण वाट बघायची का, एवढंच मला विचारायचं आहे.

बायकांच्या धावण्याला हरकत घेणारे फक्त आपल्याच गावात आहेत असंही समजू नका. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली. त्यानंतर, हे बायकांच्या शरीराला झेपत नाही म्हणून ती शर्यत बंद केली आणि ती परत सुरू व्हायला १९६० साल उजाडलं. बायकांची मॅरेथॉन तर ऑलिंपिकमध्ये १९८४ साली आली. म्हणजे आपल्यातल्या काहीजणी तेव्हा जन्मल्या होत्या! त्याच १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये आपली पी. टी. उषा अंतिम शर्यतीत धावली. त्यानंतर धावपट्टीवरच्या वैयक्तिक अंतिम शर्यतीत भारतीय बाई पोचली ती बत्तीस वर्षांनी, २०१६ साली, रिओमध्ये. ती होती सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याची, मोही गावची ललिता बाबर. अडथळ्यांच्या ३,००० मीटर शर्यतीत ती दहावी आली. आपल्यासारख्याच दुष्काळी गावातली, ज्वारीच्या रानातली पोर. आपल्याला काही ऑलिंपिकला जायचं नाही, पण झेपत नाही म्हणणाऱ्याला हे नाव सांगता येईल.

आता कामाचं बोलू. सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या.

पहिली गोष्ट, डॉक्टरांना कुणी विचारायचं? ज्यांना बीपी, साखर, दमा किंवा काळजाचा त्रास आहे, छातीत दुखतं, चक्कर येते, ज्या गरोदर आहेत, त्यांनी विचारल्याशिवाय सुरू करू नये. बाळंतपणानंतर किमान तीन महिने धावू नये, सिझेरियन झालं असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हाच. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर धावताना साखर एकदम उतरू शकते. हात थरथरले, घाम फुटला तर लगेच तोंडात टाकायला साखर किंवा गूळ ओट्यात बांधून ठेवा.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. आमच्याकडच्या एका गटातल्या वहिनी धावायला यायच्या आणि दुसऱ्या मिनिटाला खाली बसायच्या. "मीच आळशी आहे," असं म्हणायच्या. घरचेही तेच म्हणायचे. तपासणी केली तर हिमोग्लोबिन आठ! गरोदर नसलेल्या बाईचं ते किमान बारा हवं. इतकी वर्षं ही बाई आठ रक्तावर दोन म्हशी, चार माणसं आणि शेत सांभाळत होती, आणि तिला आळशी म्हणत होते. आधी गोळ्या, मग धावणं, असं ठरलं. तीन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या आणि आता त्या बाकीच्यांच्या पुढं असतात. म्हणून सांगते, उपकेंद्रात जाऊन हिमोग्लोबिन बघून घ्या. लोहाच्या गोळ्या आशाताईंकडं नाहीतर उपकेंद्रात मिळतात. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहा-दुधाबरोबर नको. जेवणानंतर लगेच चहा प्यायची सवय असेल तर तास-दीड तास थांबावं, चहामुळं अंगाला लोह कमी लागतं. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका.

आता धावायचं कसं. पहिल्या दिवशी सगळ्याजणी एकच करतात. पदर खोचतात आणि पोलीस भरतीला निघाल्यासारख्या सुटतात. शंभर पावलांत धाप लागते, पोटात कळ येते, आणि "हे आपलं काम नाही" म्हणून घरी येतात. मैत्रिणींनो, इतकं हळू धावा की शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता येणार नाही, पण एक पूर्ण वाक्य म्हणता येईल, एवढाच वेग. बोलता येईना तर वेग जास्त झाला. चालणारा माणूस आपल्या पुढं गेला तरी जाऊ द्या.

आणि सलग धावायचंच नाही. गावाबाहेरच्या रस्त्याला विजेचे खांब असतात ना? एक खांब धावा, दोन खांब चाला. परत एक खांब धावा, दोन खांब चाला. घड्याळ लागत नाही, मोबाईल लागत नाही. ज्यांना मिनिटांत हिशेब हवा त्यांनी लिहून घ्या.

प्रत्येक वेळी आधी पाच मिनिटं चालायचं आणि शेवटी पाच मिनिटं चालायचं. मधल्या वेळात पहिले दोन आठवडे एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं सहा वेळा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन मिनिटं धावा, दोन मिनिटं चाला, पाच वेळा. पाचव्या-सहाव्या आठवड्यात तीन मिनिटं धावा, दोन मिनिटं चाला, चार वेळा. सातव्या-आठव्यात पाच मिनिटं धावा, दोन चाला, तीन वेळा. नवव्या-दहाव्यात आठ मिनिटं धावा, दोन चाला, दोन वेळा. अकराव्या आठवड्यात दहा मिनिटं धावा, दोन चाला, परत दहा मिनिटं धावा. बाराव्या आठवड्यात वीस मिनिटं सलग. एखादा टप्पा जड गेला तर तोच आणखी एक आठवडा करा. बाराचे सोळा आठवडे झाले तरी कुणी दंड लावत नाही.

आठवड्यात तीनच दिवस आणि मध्ये एक दिवस सुट्टी. उत्साहानं रोज धावू नका. दम लवकर वाढतो, पण हाडं आणि शिरा सावकाश तयार होतात. पाचव्या आठवड्यात वाटतं, मी कितीही धावेन, आणि तेव्हाच नडगी दुखायला लागते. दुसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या भरून आल्या तर ते साहजिक आहे, दोन दिवसांत जातं. पण एकाच जागी दुखतंय, धावलं की वाढतंय, बोटानं दाबलं की कळ येते, असं असेल तर थांबा. आठवडाभर विश्रांती घ्या, नाही थांबलं तर दाखवा. धावताना छातीत दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर तिथंच थांबा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता जे कुणी बोलत नाही ते बोलते. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या पुष्कळ बायकांना धावताना, खोकताना, हसताना थोडी लघवी होते. लाजेनं त्या धावणंच सोडतात आणि कारण दुसरंच सांगतात. बायांनो, हे पुष्कळजणींना होतं आणि त्यावर उपाय आहे. लघवी रोखून धरताना जे स्नायू आपण आवळतो, ते पाच अंक मोजेपर्यंत आवळा, मग पाच अंक सैल सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भाकरी थापताना करा, एसटीत बसून करा, कुणाला कळतही नाही. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नका. तीन महिने नेटानं केलं तर बहुतेकींना फरक पडतो. पण अंग बाहेर येतंय, खाली काहीतरी जड लागतंय, असं वाटत असेल तर आधी डॉक्टरीणबाईंना दाखवा, तोवर चालणंच ठेवा. पाळीत धावलं तर चालतं का? चालतं. त्रास होत असेल तर चाला, नसेल तर धावा. त्यात विटाळ-बिटाळ काही नाही.

कपड्यांचं म्हणाल तर गोल साडी पायात येते आणि पडायला होतं. पंजाबी ड्रेस सोयीचा, ओढणी तिरकी घेऊन कमरेला गाठ मारायची. आतले कपडे घट्ट आणि आधार देणारे हवेत, नाहीतर छाती दुखते. जुन्या आयांनी नऊवारी नेसून धावायला काहीच हरकत नाही, ती कामासाठीच घडलेली आहे. पण अनवाणी नको. आपल्या रस्त्यावर बाभळीचे काटे आणि काचा आहेत. चप्पलही नको, घोटा मुरगळतो. आठवडी बाजारात मिळणारे साधे खेळाचे बूट चालतात. संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. मोजे घालून बघा आणि अंगठ्यापुढं बोटभर जागा ठेवा.

रस्ता निवडताना जास्त वाहनांचा नको. शाळेचं मैदान, तलावाचा बांध, कॅनॉलच्या कडेचा कच्चा रस्ता चांगला. रस्त्यावर धावायचं तर उजव्या कडेनं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. अंधारात पांढरा किंवा पिवळा कपडा आणि हातात बॅटरी. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, थांबा, डोळ्याला डोळा भिडवू नका, हळूहळू मागं सरका. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, हळद-मिरची काही भरू नका, आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. आणि एकटीनं जाऊ नका. दोघी तरी असाव्यात, तिघी असल्या तर आणखी बरं.

खाण्याचं नीट ऐका. भरल्या पोटी धावायचं नाही, पण अगदी उपाशीपोटीही नको. निघताना थोडं पाणी आणि मूठभर शेंगदाणे-गूळ नाहीतर एक केळं पुरे. आल्यावर मात्र पोटभर जेवण हवं. आपली रीत काय, सगळ्यांचं झाल्यावर तव्यावर उरेल ते आपलं. कालवण संपलं तर चटणी-भाकरी. अशा पोटावर धावलं तर तब्येत सुधारणार नाही, ढासळेल. भाकरीबरोबर मटकीची उसळ, डाळ, अंडं, ताक, पालेभाजी यातलं काहीतरी तुमच्याही ताटात पडलं पाहिजे. धावायला सुरुवात केली की भूक लागते, आणि भूक लागली की बाई आपला वाटा आधी काढून ठेवायला शिकते. माझ्या मते हाही धावण्याचाच फायदा धरावा.

आता शेवटचा आणि अवघड भाग, टिकायचं कसं. सुरुवात सगळ्या करतात. तिसऱ्या आठवड्यापासून गळती लागते. आमच्याकडं अकराजणींनी सुरुवात केली, वर्ष होऊन गेलं, सहाजणी टिकल्या. त्या सहा काही जास्त जिद्दी नव्हत्या. त्यांची घरची सोय लागली होती, एवढाच फरक. एकीकडं नळाला दिवसाआड सकाळी सहाला पाणी येतं. पाण्याच्या दिवशी तिनं धावायचंच नाही असं ठरवलं. एकीच्या सासूबाईंची कुरकुर होती, तर तिनं त्यांनाच चालायला बरोबर घेतलं. आम्ही धावतो, आत्याबाई बांधावर फेऱ्या मारतात आणि आमचे बूट सांभाळतात. एकीच्या मालकांनी आठवड्यातले तीन दिवस म्हशीची धार काढायचं कबूल केलं. ते लगेच झालं नाही, दोन महिने बोलावं लागलं. पण ती अर्धा तास मागत होती आणि कशासाठी ते स्पष्ट सांगत होती. "जमलं तर जाईन" म्हटलं की काम निघतंच. "सोमवार, बुधवार, शुक्रवार साडेपाच ते सहा मी नसते" म्हटलं की घर हळूहळू त्याप्रमाणं वळतं.

आणि आपल्याला हे नवीन थोडंच आहे? बचत गट चालवताना आपण पंचसूत्री पाळतोच की. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित हिशेब. शंभर रुपये महिन्याला टाकताना कुणाला वाटलं होतं त्यातून म्हैस येईल? तशीच एक वही घाला. तारीख, कोण आलं, किती वेळा धावलो, एवढंच लिहा. वजन रोज बघू नका, ते सावकाश हलतं आणि मन खट्टू करतं. त्याऐवजी हे बघा : मागच्या महिन्यात कुठल्या खांबाला थांबले होते, आज कुठं थांबले?

खंड पडणारच. ज्वारीची काढणी येईल, लग्नसराई येईल, पोर आजारी पडेल. चार दिवस चुकले तर जिथं होता तिथूनच धरा. दोन-तीन आठवडे चुकले तर दोन टप्पे मागं या. महिना-दीड महिना गेला तर पुन्हा एक खांब-दोन खांबांपासून सुरू करा, या वेळी लवकर वाढेल. बचतीचा एक हप्ता चुकला म्हणून आपण गट मोडत नाही. उन्हाळ्यात सहाच्या आत आटपा, उन्हात धावू नका. पावसात चिखल असेल तर शाळेच्या व्हरांड्यात उठाबशा काढा, पण ठरलेल्या वेळी घराबाहेर पडायची सवय मोडू नका.

येत्या बैठकीत अध्यक्षांना सांगून हा विषय वहीवर घ्या. कोण कोण येणार, कुठले तीन दिवस, कुठला रस्ता, आणि कुणाच्या घरची कुठली अडचण कशी सोडवायची, एवढं ठरवा. आशाताईंना बोलावून हिमोग्लोबिन तपासणीचा एक दिवस ठरवून घ्या. मग सुरुवात करा. पहिला खांब धावून झाला की आम्हाला रेडिओवर जरूर कळवा.